लेकराचा श्वास मोजायला शिकवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर लहान मुलांच्या आजारांबद्दल जे काही येतं ते मी न चुकता वाचते. परवाचा तापावरचा मजकूरही वाचला, ताप कसा मोजायचा, किती असला की औषध द्यायचं, सगळं नीट दिलं होतं, त्यात चूक काहीच नव्हती. पण मी एकतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात आणि ओपीडीत नर्स म्हणून काम केलंय आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की ज्याच्याने मुलं खरोखर दगावतात ते यात कुठेच नाहीये. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागा नसेल तर माझे अनुभव कापा पण आकडे कापू नका एवढीच विनंती.

नोकरीच्या सुरवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. ओपीडीला तुडुंब गर्दी होती, मी बाहेर टेबलावर बसून प्रत्येक मुलाचा ताप मोजून केसपेपरवर लिहीत होते आणि ज्याचा ताप जास्त त्याला आधी आत सोडत होते. मला वाटत होतं मी फार योग्य करतेय. एक आई सात महिन्यांचं बाळ घेऊन आली, ताप काहीच नव्हता म्हणण्यासारखा, ९९ होता, बाळ गप्प होतं, रडत नव्हतं, मी म्हटलं बसा थोडं. ती बसली. तासभर बसली असेल. तिच्यापुढे १०३ तापाची, जोरजोरात रडणारी, हातपाय झाडणारी मुलं आत गेली आणि त्यातली बहुतेक औषध घेऊन हसत घरी गेली. शेवटी आमच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टर तिथून जाताना थांबल्या, बाळाचं झबलं वर केलं, घड्याळाकडे बघत एक मिनिट उभ्या राहिल्या आणि मग बाळाला उचलून सरळ आत पळाल्या. मिनिटाला ६८ श्वास. बरगड्यांच्या खाली पोटाकडची बाजू दर श्वासाला आत खेचली जात होती आणि मी तासभर समोर बसून ते बघितलं नव्हतं, कारण माझ्या हातात थर्मामीटर होता. बाळ ऑक्सिजनवर राहिलं, वाचलं, नवव्या दिवशी घरी गेलं. सिस्टर मला ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "रडायला सुद्धा दम लागतो गं, ज्याच्याकडे दम आहे तेच रडतं." त्यानंतर आजपर्यंत आजारी मूल दिसलं की माझा हात आधी कपड्याकडे जातो, कपाळाकडे नंतर.

न्यूमोनियाने २०१९ या एका वर्षात जगात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुलं गेली, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. आणि हा आजार ओळखायची पहिली खूण घरात बसून, एक पैसा न खर्च करता, कुणालाही बघता येते. याला स्टेथोस्कोप लागत नाही, एक्स-रे लागत नाही. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना, रडताना नाही, दूध पिताना नाही, अंगावरचा कपडा वर करायचा आणि छाती-पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो, मध्येच भरभर मध्येच थांबल्यासारखा, त्यामुळे गुणाकारात चूक होते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, असा श्वास असेल तर तो जोरात चाललाय असं धरायचं आणि खोकला सर्दी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. अगदी तान्ह्या बाळाचा ६० च्या वर आला तर एकदा पुन्हा मोजायचा, कारण तेवढ्यापुरता वाढलेला असू शकतो. ताप चढलेला असताना पण श्वास थोडा वाढतो म्हणून ताप उतरल्यावर परत एकदा बघावं, मात्र पुन्हा मोजायचंय म्हणून जाणं लांबवू नये.

आकडा एकीकडे, आणि छाती आत ओढली जाणं एकीकडे. श्वास आत घेताना खरं तर छाती-पोट दोन्ही फुगायला पाहिजे, पण फुफ्फुसं कडक झाली की श्वास घेताना बरगड्यांची खालची कड आत जाते, लोक याला पोट उडतंय म्हणतात. नाकपुड्या फुलणं, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर दिसणं, यातलं काहीही दिसलं तर मोजत बसायचंच नाही, निघायचं. ताप असो नसो. तान्ह्या आणि कुपोषित बाळांना तर न्यूमोनिया असून ताप नसतो असंही होतं, उलट अंग गार लागतं, आणि घरचे निर्धास्त असतात.

१९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून आजारी मुलांना तपासायची एक पद्धत बसवली, डॉक्टर नसेल तिथे नर्सने किंवा आरोग्य कार्यकर्त्याने मूल कसं बघायचं त्याची. आम्हाला त्याचं ट्रेनिंग झालं तेव्हा मला सगळ्यात काय आवडलं असेल तर ती पद्धत आजाराच्या नावापासून सुरूच होत नाही. आधी चार प्रश्न. मूल काहीच पीत नाहीये का, अंगावर सुद्धा पीत नाहीये का? घेतलेलं सगळं उलटून पडतंय का? आकडी आली होती का, आत्ता येतेय का? आणि मूल निपचित पडलंय का, हाक मारली तरी नीट बघत नाहीये का? या चारपैकी एक जरी हो असेल तरी पुढचं सगळं बाजूला ठेवून मुलाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, न्यूमोनिया आहे का मेंदूज्वर का आणखी काही हे तिथे बघतील. आईबापांना हे फार मोकळं करणारं आहे असं मला वाटतं, म्हणजे आजाराचं नाव शोधायची जबाबदारी तुमची नाहीच, मूल कसं आहे हे बघायची आहे. आणि ते तुमच्याइतकं कुणीच चांगलं बघू शकत नाही.

आता ताप. लोकांना तापाची भीती वाटते ती आकडा वाढत जातो म्हणून, १०२ झाला, १०३ झाला, आता मेंदूत जाईल. ताप हा शरीराने जंतूंशी लढायला वाढवलेला असतो, साध्या तापाने मेंदूला इजा होत नाही. १०३ ताप असलेलं मूल औषध दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उठून खेळायला लागलं, पाणी मागायला लागलं, तर मला फारशी काळजी वाटत नाही. १०० ताप आहे पण उतरल्यावरही मलूल पडून आहे, आईच्या तोंडाकडे सुद्धा बघत नाही, त्या मुलाची मला काळजी वाटते. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा, तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ किंवा वर ताप, तर घरी थांबायचं नाही, बाळ छान दिसत असलं तरी नाही, रात्र असली तरी नाही. एवढ्या लहान बाळाला रक्तात जंतू पसरले तरी दाखवायला बऱ्याचदा ताप सोडून दुसरं काही नसतं.

पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर द्यायचं असतं. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम एका वेळी, दोन डोसांत कमीत कमी चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आणि इथे मी बघितलेली सगळ्यात घातक चूक सांगते. हेच औषध ड्रॉप्समध्ये येतं आणि सिरपमध्ये येतं आणि दोन्ही सारखी नाहीत. सिरपच्या एका प्रकारात ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्या प्रकारात ५ मिलीत २५० असतं, आणि ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा १ मिलीतच १०० असतं. म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्या सिरपचे ६ मिली, दुसऱ्याचे ३ मिली, आणि ड्रॉप्सचा फक्त दीड मिली. घरात ड्रॉप्सची बाटली आहे आणि आजीला सवय सिरपच्या चमच्याची, तिने ५ मिली दिले की मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम, आणि ताप उतरत नाही म्हणून काका दुसऱ्या नावाच्या बाटलीतून परत देतो, त्यातही तेच औषध असतं. असं दोन दिवस चाललेलं मूल मी बघितलंय, लिव्हरवर आलं होतं. बाटलीवर बाजूला बारीक अक्षरात मिलीला किती हे लिहिलेलं असतं, ते वाचायचं, आणि घरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचं माप नाहीतर सिरिंज वापरायची. ॲस्पिरिन मुलांना तापासाठी देऊच नये, फ्लू किंवा कांजिण्यांमध्ये त्याने राय (Reye) सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो. बर्फाच्या पाण्याने पुसणं, खिडक्या बंद करून चार पांघरुणं घालणं, दोन्ही नको.

तापात आकडी आली की घरात जो आकांत होतो तो मला माहितीये, मूल गेलं असंच वाटतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरात दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते, बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते आणि बहुतेक मुलांना पुढे काही होत नाही. त्या वेळी मुलाला कुशीवर वळवा, गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालायचं नाही, दात पडतात, श्वास अडकतो. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा थांबून परत आली, किंवा नंतर मूल नीट जागं होत नाहीये, तर ताबडतोब हॉस्पिटल. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं, मेंदूज्वर नाही ना याची खात्री डॉक्टरांना करावी लागते.

जुलाबांवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथे उपाय इतका सोपा आहे आणि तरी त्यात इतक्या चुका होतात की जीव तुटतो. मूल जुलाबाने दगावतं ते जंतूंमुळे कमी आणि अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे जास्त. आतड्याच्या आतल्या पेशींमध्ये एक रस्ता असा असतो की मीठ आणि ग्लुकोज दोघं बरोबर आले की आत घेतले जातात आणि त्यांच्या मागून पाणी जातं, आणि हा रस्ता जुलाब चालू असताना सुद्धा बहुतेक वेळा उघडाच असतो. ओआरएस म्हणजे हेच, बाकी काही जादू नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी बनगावच्या छावणीत मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात कालवायला लावला आणि नातेवाइकांच्याच हाताने रोग्यांना पाजला, आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे डॉक्टर २०२२ मध्ये गेले. ज्या मुलांना मी माझ्या हाताने वाटी-चमच्याने ओआरएस पाजलंय त्यांच्यातल्या कुणाला हे नाव माहीत असेल असं वाटत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय.

तर चुका. एक लिटरचं पाकीट असतं ते घरात ग्लासभर पाण्यात टाकतात कारण मूल कुठे लिटरभर पिणार, किंवा पाकिटातलं थोडं अंदाजाने काढून टाकतात. पाणी कमी पडलं की मीठ जास्त होतं आणि ते मुलाला धोक्याचं असतं. पाकिटावर जितकं पाणी लिहिलंय तितक्यातच पूर्ण पाकीट, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. दुसरी चूक म्हणजे ओआरएससारखे दिसणारे गोड ज्यूस आणि एनर्जीचे पाणी, त्यात साखर इतकी असते की जुलाब उलट वाढतात. तिसरी चूक, मुलाने ओआरएस घेऊन उलटी केली की बंद करणं. दहा मिनिटं थांबा आणि परत द्या, पण ग्लासने नाही, चमच्याने, एक-दोन मिनिटाला एक चमचा. रात्रभर हात दुखतो हे खरं आहे पण असं पाजून सलाईनशिवाय बरी झालेली मुलं मी मोजू शकणार नाही इतकी आहेत. दोन वर्षांच्या आत दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २००. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, जेवणही चालू ठेवायचं, पोटाला विश्रांती वगैरे काही नसतं. आणि झिंक, जे निम्म्या घरांत जुलाब थांबले की बंद होतं, ते सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्याहून मोठ्या मुलांना २०, आणि पूर्ण १० ते १४ दिवस. त्याने हे जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने परत होण्याची शक्यता पण कमी होते. जुलाब एकदम थांबवणाऱ्या मोठ्या माणसांच्या गोळ्या लहान मुलांना नाहीच द्यायच्या. डोळे खोल गेलेत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, टाळू खोल गेलीये, सहा-आठ तास सू नाही, रडताना पाणी नाही, शीत रक्त आहे, तर घरी थांबू नये.

अँटिबायोटिकबद्दल मला राग डॉक्टरांवर पण आहे आणि आईबापांवर पण, आणि दोघांचीही बाजू मला कळते. आई म्हणते तीन दिवस झाले गुण नाही, काहीतरी स्ट्राँग द्या, डॉक्टरला माहिती असतं की व्हायरस आहे पण नाही दिलं तर ती दुसरीकडे जाणार, मग तो लिहितो. साधी सर्दी लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा होणं नॉर्मल आहे, शाळेत नवीन जायला लागल्यावर तर जास्तच, आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतं हे खरं नाही, साध्या सर्दीत पण चार दिवसांनी तो पिवळा-हिरवा होतोच. सर्दी, साधा खोकला, बहुतेक पातळ जुलाब यांना अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, उलट त्यानेच जुलाब लागतात आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते चालत नाही. पण जिथे लागतं तिथे लागतंच, न्यूमोनियात, रक्ताच्या हगवणीत, लघवीच्या इन्फेक्शनमध्ये. पाच ते पंधराच्या मुलाचा घसा स्ट्रेप जंतूने आला असेल तर त्यात पण, कारण त्याचा उपचार अर्धवट सोडला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. तिथे दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवून द्यायची नाही, आणि ठेवलेली बाटली पुढच्या वेळी भावंडाला तर अजिबातच नाही. आणि लघवीचं म्हणते ते यासाठी की लहान बाळाला दोन दिवस नुसता ताप आहे, सर्दी नाही खोकला नाही काहीच नाही, तर लघवी तपासा असं आपणहून विचारावं, विशेषतः मुलींच्या बाबतीत, हे बऱ्याचदा राहून जातं.

खोकल्याच्या सिरपबद्दल एवढंच की दोन वर्षांच्या आत देऊ नये आणि पाचच्या आतही सहसा गरज नसते. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला नाही, त्यात बोट्युलिझम नावाच्या जंतूंच्या विषबाधेचा धोका असतो, त्यानंतर रात्रीच्या खोकल्याला चालतो. आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले तर काचेचा ग्लास त्यावर दाबून बघा, दाबूनही ठिपका फिका होत नसेल आणि ताप असेल तर एक मिनिट पण थांबू नका.

एक गोष्ट अजून लिहिते मग थांबते. वॉर्डात एका आईने मला रात्री तीनदा येऊन सांगितलं की हा नेहमीसारखा नाहीये, याची नजर वेगळी वाटतेय. चार्टवर सगळं बरोबर होतं, ताप नव्हता, मी म्हटलं ताई झोपा थोडं, तुम्ही थकलाय. पहाटे मुलाला झटके आले. डॉक्टरांनी धावपळ केली, मूल नंतर सुधारलं, पण त्या आईच्या डोळ्याला डोळा देणं मला जमलं नाही. तेव्हापासून मी नवीन पोरींना शिकवताना हेच सांगायचे की आई म्हणाली वेगळं वाटतंय तर ते केसपेपरवर तिच्या शब्दांत लिहा आणि डॉक्टरला उठवा. आणि आईबापांना माझं सांगणं आहे की तुमचं कुणी ऐकलं नाही तर परत सांगा, आवाज चढवून सांगा, सकाळी दाखवलं होतं आणि संध्याकाळी जास्त झालं तर परत जायला लाजू नका, सकाळी बरोबर निघालेला निष्कर्ष संध्याकाळी बदललेला असू शकतो, मुलांचं तसंच असतं.

संपादक महाशय, माझी मागणी साधी आहे. तुमच्या आरोग्याच्या पानावर एका कोपऱ्यात, दर आठवड्याला, तीच ती चौकट छापा, लेख बदलू देत पण चौकट तीच ठेवा, म्हणजे लोक कापून कपाटाच्या दारावर चिकटवतील. त्यात ६०, ५०, ४० हे श्वासाचे तीन आकडे वयासकट, ते चार प्रश्न, तीन महिन्यांच्या आतल्या तापाची सूचना, आणि खाली एक रिकामी ओळ, मुलाचं वजन आणि तारीख लिहायला. मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे, एखाद्या बालरोगतज्ञांकडून तपासून घ्या आणि मगच छापा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका